कुरासावला जाणाऱ्या बाईसाठी सूचना

श्रावणाच्या आगेमागे कराडच्या मंडईत पिवळ्या खारकांचे घोस येतात. ओल्या, करकरीत, देठाला धरून लोंबणाऱ्या. कच्छकडून येतात म्हणे. मी गाड्यापाशी थांबतो, एखादी उचलून तिची गुळगुळीत साल अंगठ्यानं चोळतो आणि बहुतेक वेळा न घेताच पुढे जातो. बायको म्हणते, "एवढे हात लावताय तर घ्या की पावशेर." मी म्हणतो, तुरट असतात. तिला ते पटत नाही, कारण बहरीनला असताना मीच तिला पत्रातून लिहायचो की इथल्या ओल्या खारकांसारखं फळ नाही.

खारका पिवळ्या पडायच्या ते तिथले सगळ्यात वाईट दिवस. ऑगस्टमध्ये समुद्राची वाफ गावावर येऊन बसायची. खोलीतल्या एसीमधून दारात पाऊल टाकलं की चष्मा पांढरा व्हायचा आणि क्षणभर माणूस आंधळा. शर्ट पाठीला चिकटलेला, दाराची कडी हाताला भाजणारी. मुहर्रकमधल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना बोलणं मध्येच थांबवायचं आणि गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करायचं, ही सवय पुढे कराडातही कित्येक दिवस गेली नाही.

हेच दिवस सुट्ट्यांचे. ज्याला त्याला घरी जायचं असायचं आणि मी मनामामधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटांचा कारकून होतो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. टेलेक्स खडखडायचा, फोन वाजत राहायचे आणि आमचा बहरिनी मालक, ज्याला सगळे हाजी म्हणत, दर दहा मिनिटांनी काचेआडून ओरडायचा, "देशमाने, यल्ला, यल्ला!"

तिकिटाबरोबर मी एक कागद द्यायचो. ते माझं काम नव्हतं. एकदा गुहागरकडच्या एका सुताराला लंडनमार्गे जायचं होतं आणि तो फार घाबरला होता, म्हणून त्याला मराठीत चार सूचना लिहून दिल्या. तो सुखरूप पोहोचला आणि त्यानं ते सगळीकडे सांगितलं. मग 'देशमान्यांचा कागद' प्रसिद्धच झाला. पासपोर्ट आणि पैसे एका ठिकाणी ठेवू नका. बॅगेला रंगीत दोरी बांधा, म्हणजे लांबून ओळखू येईल. विमान बदलताना गोंधळलात तर गणवेशातल्या बाईला तिकीट दाखवा, तोंडानं काही बोलायची गरज नाही. लोक तो कागद घडी करून खिशात ठेवायचे, आणि मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. हे सगळं सांगणारा मी स्वतः मुंबई-बहरीनखेरीज कुठल्याच विमानात बसलो नव्हतो. जग मला छापील पुस्तकांतून माहीत होतं. कोणी विचारलं, "तुम्ही गेला होता का तिकडे?" तर मी नुसता हसायचो. नाही म्हणायचो नाही.

कुसुम पेडणेकर त्या उन्हाळ्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसली. ती वेंगुर्ल्याकडची. सलमानियाच्या हॉस्पिटलात आया होती, बुसैतीनला दोन मल्याळी बायकांबरोबर खोली घेऊन राहायची. तिचा नवरा दत्ताराम वेल्डर. आधी तो बहरीनमध्येच जहाज दुरुस्तीच्या कामावर होता. मग एका ठेकेदारानं काही वेल्डर निवडून कुरासावला नेले, त्यात तो गेला. कुरासाव म्हणजे पार दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर, कॅरिबियन समुद्रातलं हॉलंडच्या ताब्यातलं एक बेट. तिथंही मोठी गोदी. दोन वर्षांचा करार होता आणि आठ महिने झाले होते.

त्याची पत्रं ती मला अधूनमधून वाचून दाखवायची. "बहरीनसारखंच कोरडं आहे, फक्त वारा थांबत नाही, टोपी टिकत नाही," असं एकात होतं. दुसऱ्यात होतं, "घरं पिवळी, निळी, लाल. आपल्याकडे कोणी अशी रंगवली तर लोक हसतील." मी एका विमान कंपनीकडून त्या बेटाची रंगीत पुस्तिका मिळवली होती आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती चाळत बसायचो. कधीतरी कुसुम जाईल तेव्हा तिच्यासाठी कागद लिहायचा, असं मनात होतं. इतक्या लांबचा कागद मी कधी लिहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्याची उत्सुकता होती.

ती जायची वेळ आली ती अशी. जहाजाच्या कामावर परांचीवरून दत्ताराम खाली पडला. ठेकेदाराची तार आली, डावा पाय चिरडलाय, हॉस्पिटलात आहे, जिवाला धोका नाही. कुसुम तार घेऊन थेट ऑफिसात आली. रडत नव्हती. डोक्यावरून घेतलेला पदर घामानं कपाळाला चिकटला होता.

"भाऊ, तिथं त्याचं बोलणं कोणाला कळत नसणार," ती म्हणाली. "त्याला इंग्रजीसुद्धा कामापुरतं येतं. मला लवकरात लवकर पोचवा."

तिच्या मेट्रननं तीन आठवड्यांची रजा मंजूर केली. ठेकेदारानं कुरासावच्या व्हिसाची व्यवस्था केली, टेलेक्सवर टेलेक्स गेले. सगळं जमलं, पण ॲमस्टरडॅमहून कुरासावला थेट जाणारं विमान भरलेलं होतं. नऊ दिवस जागा नव्हती. मी वेळापत्रक घेऊन बसलो आणि वाट शोधली: युरोपातून व्हेनेझुएलातल्या काराकासला, तिथं एक दिवस थांबून छोट्या विमानानं कुरासाव. सहा दिवस आधी पोहोचली असती. हाजीनं माझी पाठ थोपटली.

तो गुरुवार होता, म्हणजे अर्धा दिवस काम आणि पुढे शुक्रवारची सुट्टी. कोणत्या देशाला कोणते कागद लागतात याचं एक जाड पुस्तक आमच्याकडे असायचं. मी व्हेनेझुएलाचं पान काढलं. विमान बदलणाऱ्यांना व्हिसा लागत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं आणि त्या ओळीच्या शेवटी एक बारीक तारा होता. ताऱ्याचा खुलासा पुढच्या पानावर.

तो तारा मी पाहिला होता. हे मला लिहायलाच हवं. खाली मुहर्रकला जाणारी शेअर टॅक्सी उभी होती, माझ्या खोलीतला जोडीदार तिच्यात बसून हॉर्न वाजवायला लावत होता, समोर कुसुम वाट पाहत होती आणि मला कागद लिहायला घ्यायचा होता. मी पुस्तक मिटलं.

कागद मात्र मी मन लावून लिहिला. सतरा सूचना होत्या. 'हे बेट हॉलंडची वसाहत आहे. राणी लांब राहते, पण शिक्का तिचाच चालतो, तेव्हा सगळे कागद हाताशी ठेवा. पाऊस जवळजवळ नाही, छत्रीचं ओझं नेऊ नका. वारा सतत असतो, पदराला पिन लावा. शहराच्या मधोमध खाडी आहे आणि तिच्यावर तरंगता पूल आहे. जहाज आलं की पूल बाजूला सरकतो. तेव्हा घाबरू नका, थांबा, तो परत जागेवर येतो. काटेरी झुडपं फार, हात लावू नका. नळाचं पाणी चालतं, समुद्राचंच गोडं केलेलं असतं. सकाळी कोणी भेटलं तर बॉन दिया म्हणा. आभार मानायला दांकी.' आणि अकरावी सूचना: 'काराकासला एक दिवस थांबावं लागेल. तिथं व्हिसा लागत नाही. विमानतळातून बाहेर पडू नका.'

शनिवारी दुपारी मी तिला विमानतळावर सोडायला गेलो. त्या उकाड्यात तिनं हातात स्वेटर धरला होता, कारण विमानात थंडी वाजते असं मी लिहिलं होतं. कागद तिला पाठ झाला होता.

"बॉन दिया," ती माझ्याकडे पाहून म्हणाली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. "बरोबर म्हटलं ना?"

"एकदम बरोबर, वहिनी."

"तुम्ही आहात म्हणून, भाऊ. नाहीतर मी वेंगुर्ल्याहून सावंतवाडीलासुद्धा एकटी गेले नव्हते."

पाचव्या दिवशी ती परत बहरीनमध्ये होती.

ऑफिसचं दार ढकलून ती आत आली तेव्हा मला वाटलं, भास होतोय. पाय सुजलेले, साडी तीच. खुर्चीवर बसली आणि सगळं एका दमात सांगितलं. काराकासला उतरल्यावर लोक ज्या रांगेत गेले त्या रांगेत तीही गेली. काचेमागच्या माणसानं पासपोर्ट पाहिला, काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, 'व्हिसा' एवढाच शब्द तिला उमगला. मग तिनं पर्समधून माझा कागद काढला आणि काचेखालून आत सरकवला.

"अकरा नंबरवर बोट ठेवून दाखवलं त्याला," कुसुम म्हणाली. "म्हटलं, हे बघा, लिहिलंय. लागत नाही."

त्या माणसानं तो मराठी कागद उलटा धरला, सुलटा केला, बराच वेळ पाहिला. हसला नाही. घडी घालून परत दिला आणि तिला एका खोलीत बसवलं. तिथं तिला पाणी मिळालं, ब्रेड मिळाला. परतीचं विमान निघालं तेव्हा दोघा गणवेशवाल्यांनी तिला विमानाच्या जिन्यापर्यंत सोडलं.

"माझंच चुकलं, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतं, बाहेर पडू नका. मी त्या रांगेत गेले, ती बाहेर जायची रांग असणार. मी आत बाकावर बसून राहिले असते तर कोणी विचारलं नसतं. खरं ना?"

काचेआडून हाजी बाहेर आला होता. त्यानं हिंदीत विचारलं, "किसका गलती?"

मी म्हणालो, "एअरलाइनवालों का." मग कुसुमकडे वळून म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. होतं असं. तिकडचे लोक विचित्रच असतात."

खरं ना, या तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. ती गेल्यावर पुस्तक उघडलं आणि पान उलटलं. ताऱ्यापुढे दोन ओळी होत्या. ही सवलत फक्त त्याच दिवशी पुढे जाणाऱ्यांसाठी. त्याहून जास्त थांबणाऱ्यांना आधी व्हिसा घ्यावा लागेल. एवढंच. वाचायला तितकाच वेळ लागला असता, जितका मी टॅक्सीवाल्याला हात करून 'आलो आलो' म्हणण्यात घालवला.

थेट विमानात तिला जागा मिळाली त्यानंतर चार दिवसांनी. दत्तारामच्या पायात तोवर विष पसरलं होतं. डॉक्टरांनी त्याच्यापुढे डच भाषेतला कागद ठेवला, एका नर्सनं खुणा करून हाताची कड गुडघ्याच्या वर फिरवून दाखवली आणि त्यानं सही केली. कुसुम पोहोचली तेव्हा ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. ती आधी पोहोचली असती तर पाय वाचला असता का? नसताही. तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं म्हणे की फारसा फरक पडला नसता. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याची लाज जास्त काळ टिकली. कारण पायाचं काहीही असो, ती सही त्यानं एकट्यानं केली होती. डोळे मिटून केली, असं त्यानंच नंतर तिला सांगितलं.

दत्ताराम गावी परतला. एका पायावर वेल्डरला आखातात कोण घेणार? कुसुम बहरीनमध्ये राहिली, कारण आता कमावणारी ती एकटी. मी कागद लिहिणं बंद केलं. कोणी मागितला तर सांगायचो, वेळ नाही, काम वाढलंय. लोकांना वाटलं, देशमान्याला गर्व झाला.

आणि दरवर्षी गणपतीत कुसुम भेटायची. आपले लोक कोणाच्या तरी मोठ्या फ्लॅटमध्ये जमायचे, वातावरणात उदबत्ती आणि एसीचा वास मिसळलेला, इंजिनिअरांच्या बायका मोदक वाटायच्या, त्यांची मुलं इंग्रजीत भांडायची. त्या घोळक्यात ती एखाद्या नवख्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "हे देशमानेभाऊ. यांनी लिहून दिलं म्हणून मी एकटी जगाच्या टोकाला जाऊन आले. माझंच डोकं चाललं नाही, नाहीतर पहिल्याच खेपेला पोचले असते." ती बाई माझ्याकडे आदरानं बघायची. मी हातातला मोदक तसाच खाली ठेवायचो. मी दरवर्षी ठरवायचो की आज बाजूला घेऊन सांगायचं, आणि दरवर्षी आरती सुरू व्हायची, किंवा कोणीतरी हाक मारायचं, किंवा मीच कोणाला तरी हाक मारायचो.

अशी सहा वर्षं गेली. बहरीन सोडायचं ठरल्यावर, शेवटच्या रजेत, मी कराडहून वेंगुर्ल्याला गेलो. बायकोला सांगितलं, एका मित्राकडे जातोय. दत्तारामनं रस्त्याकडेच्या शेडमध्ये खिडक्यांचे गज जोडायचं दुकान टाकलं होतं. स्टुलावर बसून काम करत होता, कुबडी भिंतीला टेकलेली. मला पाहून त्यानं चष्मा वर केला, शेजारून चहा मागवला. मी चहा हातात धरूनच सगळं सांगितलं. तारा, टॅक्सी, मिटलेलं पुस्तक आणि त्यानंतरचं खोटं.

त्यानं हातोडी उचलून गजाच्या सांध्यावरची खपली टोकरली.

"माका कित्याक सांगतास?" म्हणाला. "माझो पाय गेलो तो गेलो. माका आता त्याची सवय झाली. तिका सांगा. ती रजेवर येता आणि त्या रांगेचाच काढून बसता. मी सांगून सांगून थकलंय, बाये, तुझी चूक नाय. तिका पटना नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या तोंडून पटतला."

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मला परत पाठवलं.

बहरीनला आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी सलमानियाला गेलो. पुन्हा तेच वाफेचे दिवस होते. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांच्या दाराजवळ सावलीत एक बाक होता, तिथं ती जेवायची. डबा उघडला होता, भात आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. मला पाहून तिनं पदर सारखा केला, बाजूला सरकली. "भाऊ, तुम्ही? बरं आहे ना सगळं?"

"वहिनी, तुमची चूक नव्हती," मी म्हणालो. दुसरी सुरुवात सुचली नाही. "काराकासला व्हिसा लागत होता. पुस्तकात लिहिलं होतं. मी पान उलटून पाहिलं नाही आणि तुम्हाला लागत नाही म्हणून लिहून दिलं. तुम्ही परत आलात त्याच दिवशी मला कळलं होतं."

तिचा हात भातातच राहिला.

"म्हणजे ती रांग..."

"कुठल्याही रांगेत उभ्या राहिला असतात किंवा बाकावर बसून राहिला असतात, तरी परतच पाठवलं असतं."

"मी सगळं बरोबर केलं होतं?"

"सगळं."

तिनं डोळे मिटले. तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरताना मी पाहिलं, अगदी डोळ्यांसमोर. क्षणभर तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, ती हसणार. मीही बहुधा हसायच्या तयारीत होतो. मग तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"दर गणपतीत मी लोकांसमोर स्वतःला मूर्ख म्हणायची," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही तिथंच उभे असायचा. ऐकत."

"हो."

"नवऱ्याजवळ बसून रडले मी. त्याच्या तुटक्या पायाला हात लावून माफी मागितली. कशाची माफी, देशमाने?"

तोवर ती मला नेहमी भाऊ म्हणत आली होती. मी माफ करा म्हणालो, दोनदा म्हणालो. तिनं डब्याचं झाकण लावलं, नळावर हात धुतले, पदराला पुसले. ड्यूटीची वेळ झाली नव्हती, पण ती आत निघून गेली.

त्याच आठवड्यात तिनं दत्तारामला पत्र लिहिलं असं मला पुढे त्याच्याकडून कळलं. पत्रात माझ्याविषयी काय होतं ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाला, की ती आता रांगेचं काढत नाही.

मी त्यानंतर आणखी सात महिने बहरीनमध्ये होतो. गणपतीत ती आली, सगळ्यांशी बोलली, मोदक वाटले. माझ्यापाशी आल्यावर ताट पुढच्या माणसाकडे नेलं. शेजारच्या बाईच्या ते लक्षात आलं आणि ती माझ्याकडे पाहू लागली. मी मान खाली घातली. बाजारात एकदा समोरून आली, तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तिला माझ्यावर रागवायचा पूर्ण हक्क होता. तो तिच्या हाती द्यायला मी सहा वर्षं लावली.